चव्वेचाळिसावी सुई

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. सुखदेव मिस्त्री तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते आणि मी तेहतीसचा. म्हणजे अंगात रग माझ्या आणि अक्कल त्यांच्याकडे. हे आज लिहितो. तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. गुरुजी मारायचे म्हणून शाळा सोडली असं गावात सांगतात, ते खोटं आहे. मला गुरुजींचं पटत नव्हतं म्हणून सोडली. त्यामुळे माणसाचं चित्र शब्दांत कसं काढतात ते मला ठाऊक नाही. जे पाहिलं ते सांगतो.

सुखदेव मिस्त्री आमच्या नाचणगावचे. हिंगणघाटच्या एका कापसाच्या गिरणीत तीस वर्षं फिटर होते. तिथून सुटल्यावर गावी आले आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांची इंजिनं, पंप, मोटारी, जे काही फिरतं ते सगळं दुरुस्त करू लागले. उंच, वाळलेला माणूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा. काम करतानाही तेच. गॅरेजातले लोक काळे कपडे घालून काळे होतात, आणि हा माणूस मोटारीच्या पोटात शिरून पांढराचा पांढरा बाहेर यायचा. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, तुमच्या अंगावर तेल काऊन नाई सांडत?"

म्हणाले, "ज्याच्या अंगावर सांडते त्याले तेल कुठं हाय ते माहीत नसते."

सगळे लोक काम झाल्यावर हात धुतात. मिस्त्री आधी धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत, डॉक्टर धुतो तसे. मग बोटं वाऱ्यावर वाळवायचे आणि मग पान्याला हात लावायचे. काम झाल्यावर नुसते फडक्यानं पुसायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "आपल्या हाताची माती यंत्राले लागू नये. यंत्राचं तेल आपल्याले लागलं त काय होते?"

मशीनचा आवाज ते दातांनी ऐकत. खोटं वाटेल, पण मी स्वतः पाहिलं आहे. बोरीची एक हातभर काडी होती त्यांच्याजवळ. तिचं एक टोक चालू इंजिनावर ठेवायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. रोहण्याच्या एका शेतकऱ्याच्या पंपाला तीन मिस्त्री लागून गेले होते. कोणाला काही सापडत नव्हतं. सुखदेव मिस्त्रींनी काडी धरली, तोंडातून काढली आणि म्हणाले, "खालून दुसरा बोल्ट. ढिला नाई, तुटला हाय. आत बसून राह्यला." खोलून पाहिलं तर बोल्टाचे दोन तुकडे, एकमेकांवर नीट बसलेले. त्या शेतकऱ्यानं हात जोडले. मिस्त्री त्या काडीचं टोक पुसत होते, त्यांचं लक्षच नव्हतं.

आणि एवढा माणूस, पण मोटारीत कधी बसला नाही. हिंगणघाटला जायचं तर रेल्वेनं, बाकी सगळीकडे सायकलीनं. "मी आतलं पाह्यलं हाय," म्हणायचे. "मोटारीत बसलो का मले सीट दिसत नाई, दातेरी चाकं दिसतात. जीव लागत नाई."

आता एक गोष्ट सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही कुणबी. मिस्त्री बौद्ध. छप्पन्न साली नागपूरला जाऊन आले होते. भेटले की ते जयभीम म्हणत, मी राम राम म्हणत असे, आणि दोघांचं ठीक चाललं होतं. पण त्यांचा एक नियम होता. ज्या घरी काम, त्या घरी जेवण. घरातल्या माणसांच्या पंगतीत, घरातल्या ताटात. वेगळं ताट नाही, वेगळा कप नाही.

हिंगणघाटकडच्या एका बड्या कापूसवाल्याची काळी मोटार त्यांनी एकदा दुरुस्त केली होती. दोन दिवस लागले. गिअरचं झिजलेलं चाक काढलं, नवं बसवलं, झाकण लावलं. मालक खूश. चहा आला. कप गोठ्याच्या कोनाड्यातून काढून, विसळून आणला होता. मिस्त्रींनी तो कप पाहिला. हात धुतले. झाकण परत खोललं, नवं चाक काढून मालकाच्या हातात ठेवलं, जुनं झिजलेलं चाक परत बसवलं, एकेक नट पहिल्यासारखा आवळला. "घ्या मालक," म्हणाले. "जशी होती तशी." आणि सायकलीवर टांग मारून निघून गेले.

ही गोष्ट सगळ्या जिल्ह्यात फिरली. मीही हसून सांगत असे. माझ्या दारात येईपर्यंत.

माझ्याजवळ तेव्हा एक जीप होती, मिलिटरीच्या लिलावातली. नाचणगाव, पुलगाव, आर्वी, जिथं सवारी मिळेल तिथं चालवायचो. शेती भावाकडे होती. भावाशी भांडून मी स्टिअरिंग धरलं होतं आणि परत नांगराला हात लावणार नाही असं चारचौघांत बोललो होतो. त्यामुळे ती जीप म्हणजे नुसती जीप नव्हती.

एकदा मी मिस्त्रींच्या घरावरून चाललो होतो. ते ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. जीप पुढं गेली, तर मागून हाक आली, "देवराव, दुसरा गिअर मांडीनं दाबून धरता ना?"

मी थांबलो. दाबून धरत होतो, हे खरं. दोन महिन्यांपासून दुसरा गिअर टाकला की दांडी आपोआप बाहेर यायची, म्हणून मांडी लावून धरायचो. पण हे माझ्या मांडीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. या माणसानं ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. मला राग आला. म्हटलं, "मिस्त्री, कापसाची गिरणी वेगळी अन् जीप वेगळी."

"व्हय," ते म्हणाले. "गिरणी थांबली त माणूस घरी जाते. जीप थांबली त रस्त्यात राह्यते."

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी, जीप आर्वीच्या रस्त्यावर थांबली. खालून असा खडखडाट झाला की डब्यात कोणी गोटे टाकून हलवावे. बैल जुंपून ओढत घरी आणली. आणि नेमकं त्याच वेळी मला तालुक्याच्या दवाखान्याचं काम लागलं होतं. लस टोचणाऱ्या नर्सबायांना गावोगाव न्यायचं. सोमवारी सकाळी सातला जीप आर्वीत उभी पाहिजे, नाही तर काम दुसऱ्या जीपवाल्याचं. वर्धेच्या गॅरेजवाल्यानं पंधरा दिवस सांगितले.

मी मिस्त्रींच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "उद्या येतो. तुमच्या आंगनातच खोलू. नियम माहीत हाय ना?"

म्हटलं, "माहीत हाय."

माहीत होता. पण घरात माझी माय होती. माझ्यापेक्षा हट्टी बाई. मी कोणावर गेलो ते सांगायला नको.

शुक्रवारी मिस्त्री जेवून, दुपारनंतर आले. आंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी एक पांढरी चादर अंथरली. हात धुतले. मग जे केलं ते मी आजही डोळे मिटून पाहतो. जीपचा मधला पत्रा काढला. बैलगाडीचं जू जीपवर आडवं टाकलं, त्याला विहिरीचा दोर बांधला आणि गिअरबॉक्स त्या दोराला टांगला. खाली सरकीची पोती रचून ठेवली. मग एकेक बोल्ट सोडत गेले, आणि तो एवढा मणाचा लोखंडी डबा लहान लेकरू पाळण्यातून काढावं तसा हळूच पोत्यांवर येऊन टेकला. ठक्क असा आवाजसुद्धा नाही. सरकीवर कुठं आवाज होतो!

आतून एकेक भाग निघाला तसा चादरीवर, डावीकडून उजवीकडे, निघाल्या क्रमानं. "बसवताना उजवीकडून चालत याचं," म्हणाले. "कागद नाई लागत."

तळाशी एक आडवा दांडा होता. त्याच्यावर दातेरी चाकांचा एक अखंड गठ्ठा फिरतो, आणि दांडा आणि गठ्ठा यांच्यामध्ये लोखंडी सुया असतात. आगपेटीच्या काडीहून थोड्या जाड, अर्ध्या लांबीच्या. बावीस या बाजूला, बावीस त्या बाजूला. दांडा झिजून खड्डे पडले होते, सुयांचा चुरा झाला होता.

चार वाजता मायनं चहा पाठवला. माझा घरातल्या कपात. मिस्त्रींचा एका कान तुटलेल्या कपात, तो मी ओळखत होतो. मी पटकन तो तुटका कप उचलला आणि माझा त्यांच्यासमोर सरकवला.

मिस्त्री हसले. "कप बदलून काय होते, देवराव? हे तुम्ही देऊन राह्यले. घर नाई देऊन राह्यलं." दोन्ही कप तसेच राहिले. मग म्हणाले, "रविवारी बसवाचं हाय. रविवारी दुपारी मी तुमच्या घरी जेवीन. नाई त जशी होती तशी."

संध्याकाळी मी मायला सांगितलं. माय म्हणाली, "माह्या घरात नाई. तुले जीप पाहिजे त दुसरा मिस्त्री पाह्य."

"दुसरा मिस्त्री नाई, माय."

"मंग शेती हाय. भावाच्या पाया पड."

शनिवारी मिस्त्री रेल्वेनं हिंगणघाटला गेले आणि जुन्या ओळखीवर गिरणीच्या लेथवर नवा दांडा करून आणला. मी नागपूरहून सुया आणल्या. मोजून चव्वेचाळीस. संध्याकाळी मिस्त्रींनी चादरीवर बसून त्या परत मोजल्या, पांढऱ्या फडक्यावर ओळीनं लावल्या, वरून डालं झाकलं आणि घरी गेले.

रविवारी सकाळी आले तेव्हा मी दात घासत होतो. मिस्त्री आंगणाच्या तोंडाशीच थांबले. त्यांची नजर होती तिकडं मी पाहिलं.

आमचं आंगण गुरुवारीच सारवलं होतं. आठ दिवस तरी परत सारवायचं काम नव्हतं. पण आज एक चौकोन ओला होता. सगळं आंगण नाही. काल मिस्त्री बसले होते तेवढाच चौकोन.

मला माझ्या घराची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मायनं भागांसकट चादर काठीनं कोपऱ्यात ओढून ठेवली होती, सुयांचं फडकं चुलीतल्या चिमट्यानं उचलून बाजूला ठेवलं होतं. चिमट्यानं, कारण हात लावायचा नव्हता.

मिस्त्री आत आले. बादलीजवळ जाऊन हात धुतले. वाळवले. चादर परत अंथरली, भाग परत क्रमानं मांडले, एकही चुकला नाही. मग सुया मोजल्या. मग परत मोजल्या.

"त्रेचाळीस."

मी म्हटलं, "असन कुठं तरी."

"सारवणात हाय."

रविवार होता. नागपूरची दुकानं बंद. सोमवारी सातला आर्वी. मी ओरडलो, "एका सुईनं काय होते? बसवा त्रेचाळीस!"

"एका सुईची जागा रिकामी राह्यली का बाकीच्या तिरप्या होतात," मिस्त्री म्हणाले. आवाज चढला नाही. "तिरप्या झाल्या का दांडा खातात. वीस मैलात गाडी बसन. त्या नर्सबायाईले कोणत्या जंगलात उतरवता?"

मी खुरपं घेऊन धावलो. त्यांनी हात आडवा धरला. "तुम्ही नाई. तुम्ही सगळं उकरून मातीत घालवान." आणि दाराकडे पाहून विचारलं, "कोनं सारवलं?"

माय दारातच उभी होती. "मी."

"काऊन?"

बाप्पा! मायनं मान वर केली. "माहं आंगन हाय."

"आंगन तुमचंच हाय, बाई. सुई तुमच्या पोराची हाय. हात कुठून कुठं फिरला ते मले माहीत नाई, देवरावले नाई. तुमच्या हाताले माहीत हाय."

माय आत गेली. मला वाटलं संपलं. मी शेतीचा रस्ता डोळ्यांपुढं आणला, भावाचं तोंड आणलं. मिस्त्री उकिडवे बसून होते, जुन्या दांड्याकडे पाहत. मी मनात म्हटलं, आता हे उठतील आणि जुना दांडा बसवतील, नट आवळतील आणि जातील.

माय बाहेर आली. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात पिठाची चाळणी. मिस्त्रींच्या समोर बसली, ओल्या चौकोनाच्या दुसऱ्या बाजूला. डाव्या कोपऱ्यापासून पातळ थर उचलायला लागली. "इथून सुरू केलतं," म्हणाली. "मंग असं गोल."

मिस्त्रींनी घमेल्यात पाणी घेतलं. माय खरवडून टाकायची, ते चुरायचे, चाळणीतून गाळायचे. काड्या, खडे, एक टाचणी, जुन्या बांगडीचा काच. सुई नाही. अर्धा तास. एक तास. उन्हं आंगणात आली. माय म्हणाली, "तुम्ही लय जोरानं चुरता. अशानं ते खाली जाईन." आणि तिनं स्वतः घमेल्यात हात घातला. मग शेणाच्या त्या पाण्यात चार हात होते, आणि कोणता कोणाचा ते दिसत नव्हतं.

सुई मायच्या बोटाला लागली. तिनं धुतली, लुगड्याच्या पदरानं पुसली आणि मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली. वरून सोडली नाही. ठेवली.

"चव्वेचाळीस," मिस्त्री म्हणाले. आणि हात धुवायला उठले. मायही उठली, त्याच बादलीत तिनंही धुतले.

आता सुया बसवायच्या कशा, हे सांगतो. पोकळ गठ्ठ्यात आतून ग्रीस लावायचं आणि सुया उभ्या चिकटवायच्या. पण दांडा घालताना त्या पडतात. म्हणून आधी तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकडा आत घालून ठेवायचा, आणि मग खरा दांडा त्याला मागून ढकलत आत न्यायचा. मिस्त्रींनी आंगणात इकडेतिकडे पाहिलं, बोटानं जाडी मोजली आणि म्हणाले, "बाई, बारीक बेलणं असन त द्या. कापा लागन."

मायनं पोळ्या लाटायचं बेलणं आणून दिलं. तिच्या माहेरचं होतं. मिस्त्रींनी ते काचेच्या तुकड्यानं तासलं, मापानं कापलं, आत घातलं. एकेक सुई उभी केली. बावीस आणि बावीस. मग गठ्ठा डब्यात उतरवला, नवा दांडा मागून लावला आणि अंगठ्यानं ढकलत गेले. इकडून लोखंड आत जात होतं, तिकडून बेलणं बाहेर येत होतं. मध्ये चव्वेचाळीस सुया, आणि एकही हलली नाही. त्यांनी बोटानं गठ्ठा फिरवला. तो फिरतच राहिला. आवाज नाही.

दुपारी मायनं आत तीन पाट मांडले. कोणी सांगितलं नव्हतं. तीन ताटं, एकसारखी. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, ठेचा.

"पोया नाई केल्या," ती वाढताना म्हणाली. "बेलणं तुमच्या गाडीत गेलं."

मिस्त्री असे हसले की त्यांना ठसका लागला. "भाकरच बरी," म्हणाले. "पोयाईले दात नाई लागत."

"अजून घ्या मंग. दात हायेत ना?"

"हायेत बाई. दातांवरच माहं सगळं चालते."

संध्याकाळपर्यंत डबा परत जीपमध्ये चढला. मी गावाबाहेर चढावावर नेऊन दुसरा गिअर टाकला आणि मांडी दूर केली. दांडी हलली नाही.

पुढं नऊ वर्षं ते होते. किती गावांची किती यंत्रं त्यांच्या हातून गेली, मला मोजता येणार नाही. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात गेले. त्यांना पोचवायला जिल्हाभरातून सायकली आल्या होत्या. पण मला मिस्त्री आठवतात ते शेवटचे, म्हातारे, आजारी असे नाही. मला आठवतो तो सोमवार.

सोमवारी साडेपाचला, उजाडता उजाडता मी जीप सुरू केली. मिस्त्री आधीच येऊन बसले होते. "एक मिनट," म्हणाले आणि त्याच पांढऱ्या धोतरात जीपखाली शिरले. तळाचा बोल्ट थोडा ढिला करून तेलाचे चार थेंब तळहातावर घेतले, परत आवळला, बाहेर येऊन तो तळहात उगवतीकडे धरला, बोटानं चोळला. लोखंडाचा एक कण चमकतो का ते पाहत होते. मग म्हणाले, "जा आता."

मी पहिला गिअर टाकला, पण क्लच सोडला नाही. कारण माय आंगणात शेण आणि पांढरी माती कालवून बसली होती. काल उकरलेला चौकोन भरायचा होता. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. माती घट्ट झाली होती.

"मिस्त्री," ती मान वर न करता म्हणाली, "पाणी टाका थोडं."

मिस्त्री बाहेरच्या बादलीकडे वळले.

"ते नाई, त्यात साबण हाय. आतलं आणा. चुलीपाशी गुंड हाय."

सुखदेव मिस्त्री दाराशी आले. मग त्यांनी चपला काढल्या, आत गेले, आमच्या पिण्याच्या पाण्याचा गुंड दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला, आणि माझ्या मायच्या हातावर बारीक धार धरली.